फोकस नीट लावला, तरी फोटो सॉफ्ट येतो: जुन्या मॅन्युअल एसएलआरची जुनी तक्रार

तक्रार साधारण अशी असते. (एसएलआर म्हणजे लेन्समधून येणारं चित्र आरशावरून व्ह्यूफाइंडरमध्ये, डोळा लावायच्या खिडकीत, दाखवणारा कॅमेरा. इथे बोलतोय ते फिल्मवर चालणारे, हाताने फोकस लावायचे.) काकांचा पेंटॅक्स के-१००० कपाटातून बाहेर निघतो, नाहीतर कोणी हौसेने निकॉन एफएम२ विकत घेतं. मीटरचा सेल बदलला जातो, शटर ठणठणीत वाजतं, रोल भरला जातो. उन्हात काढलेले फोटो झकास येतात. आणि मग संध्याकाळी घरातल्या बारशाला अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून काढलेले फोटो सॉफ्ट येतात. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळे लख्ख दिसत होते, फोटोत नाहीत. दुसऱ्या रोललाही तेच. मग सल्ल्यांचा पाऊस पडतो: लेन्स बदल, फिल्म जुनी असणार, सर्व्हिसिंगला टाक.

सर्व्हिसिंगला टाकूनही तक्रार परत येते, याचं कारण सोपं आहे. दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे. फोटो सॉफ्ट येण्याची ठिकाणं चार: स्कॅन, हात, डोळा आणि कॅमेरा. लोक नेमके शेवटापासून सुरुवात करतात, आणि तेच सगळ्यात खर्चिक असतं.

उन्हात छान आणि घरात सॉफ्ट, ही गोष्ट मात्र पहिल्यांदाच नोंदवून ठेवा. एफचा आकडा म्हणजे अ‍ॅपर्चरचं, लेन्समधल्या भोकाचं माप: आकडा मोठा, भोक लहान. ५० मिमीची लेन्स एफ/८ वर ठेवून ३ मीटरवर फोकस केला, तर साधारण २.३ मीटरपासून ४.२ मीटरपर्यंत सगळं शार्प दिसतं. त्याच लेन्सने एफ/१.८ वर १.५ मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस केला, तर शार्प पट्टा जेमतेम ९-१० सेंटिमीटरचा, म्हणजे पुढे पाच आणि मागे पाच. चूक उन्हातही होत असते, फक्त एफ/८ ती पोटात घालतं. तेव्हा ‘कॅमेरा कधी बरोबर चालतो, कधी नाही’ या निष्कर्षावर उडी मारू नका.

आधी निगेटिव्ह बघा, स्कॅन नंतर

लॅबकडून मेलवर आलेल्या फाइली बघून कॅमेऱ्यावर खापर फोडणारे खूप. स्वस्तातलं स्कॅन कमी रिझोल्यूशनचं असतं, आणि निगेटिव्ह वाकलेली असेल तर स्कॅनरचाच फोकस चुकतो. ओळखायचं कसं? काळ्या-पांढऱ्या फिल्मवर फाइल पूर्ण मोठी करून दाणा बघा. दाणा टोकदार आहे आणि चित्र सॉफ्ट आहे, तर चूक फोटो काढतानाची. दाणाच विरघळल्यासारखा दिसतोय, तर चूक स्कॅनची, कॅमेरा निर्दोष. रंगीत फिल्मवर दाणा असा सुटा दिसत नाही, तिथे फिल्मवर बसलेली धूळ आणि ओरखडे बघा. ते शार्प असतील तर स्कॅनरने आपलं काम केलंय.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे निगेटिव्ह स्वतःच्या डोळ्यांनी बघणं. वेगळं भिंग आणायची गरज नाही. तुमची ५० मिमीची लेन्स म्हणजेच उत्तम पाचपट भिंग आहे. कॅमेऱ्यातून काढा, फोकसची रिंग अनंतावर (∞ च्या खुणेवर) ठेवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागची बाजू निगेटिव्हकडे आणि पुढची डोळ्याशी. फिल्म कॅमेऱ्यात माउंटपासून, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून, साधारण साडेचार सेंटिमीटरवर असते, तेवढंच अंतर ठेवलं की चित्र एकदम उमटतं. प्रकाशासाठी खिडकीतलं आभाळ चांगलं. मोबाइलचा पांढरा स्क्रीन घेतलात तर निगेटिव्ह त्याच्यावर थेट टेकवू नका, दोन-तीन सेंटिमीटर वर धरा, नाहीतर स्क्रीनचे ठिपकेच मोठे होऊन दिसतात आणि माणूस त्यांनाच दाणा समजतो.

आता फोटोत एखादा बारीक चमकणारा ठिपका शोधा. लग्नाचा फोटो असेल तर नथीतल्या मोत्यावरचा चमकारा त्यासाठी बेस्ट. तो चमकारा छोट्या रेघेसारखा ओढला गेलाय आणि फ्रेममधले बाकीचे चमकारेही त्याच दिशेला ओढलेत, तर हात हलला. फक्त त्याचीच रेघ झालीय आणि मागची समई स्थिर आहे, तर नवरी हलली. रेघ नसून गोल टिकली झालीय, तर फोकस चुकला. आणि टिकली नाही, रेघही नाही, मोती जागच्या जागी शार्प आहे पण त्याच्याभोवती धुक्यासारखं वलय पसरलंय, तर लेन्समध्ये बुरशी नाहीतर धूसरपणा आहे, फोकसशी त्याचा संबंध नाही.

फोकस चुकला असं ठरलं की पुढचा प्रश्न: मग फ्रेममध्ये दुसरं काय शार्प आहे? नाकाऐवजी कान? कानाऐवजी मागच्या खुर्चीची पाठ? की हातातलं ताट? पुढे चुकला की मागे, हे प्रत्येक फ्रेमपुढे कागदावर लिहून ठेवा. चूक कधी पुढे, कधी मागे असेल तर दोष माणसाकडे आहे. दरवेळी एकाच बाजूला असेल, तर यंत्राकडे बोट दाखवायला हरकत नाही. सगळ्या तपासणीचं मर्म या एका नोंदीत आहे, आणि नेमकी हीच कोणी ठेवत नाही.

हात आणि पाय

हाताचं थोडक्यात आटपतो. ५० मिमीला १/६० सेकंदाच्या खाली हातात धरून काढायचं असेल तर भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला टेका. १/३० कसलेल्या हाताला जमतं. त्याखाली ट्रायपॉड.

पाय जास्त दगा देतात. उभा माणूस कधीच पूर्ण स्थिर नसतो, तो पुढे-मागे डुलत असतो. फोकस लावणं, फ्रेम जुळवणं आणि बटण दाबणं यांच्यामध्ये दोन-चार सेकंद गेले की तुम्ही तीन-चार सेंटिमीटर सरकलेले असता. ८५ मिमी एफ/२ ने १.५ मीटरवर पोर्ट्रेट काढत असाल तर शार्प पट्टा एकूण पावणेचार सेंटिमीटरच्या आसपास असतो. तिथे हिशोबच संपला. म्हणून जवळच्या फोटोत रिंग एकदा लावून सोडून द्या, आणि शरीर किंचित पुढे-मागे झुकवत व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा शार्प झाला त्या क्षणी बटण दाबा. सवय व्हायला वेळ लागतो, पण एकदा झाली की रिंगशी झटापट करणं नकोसं वाटतं.

मध्यावर फोकस लावून मग फ्रेम वळवायची सवय सगळ्यांना असते. तिचं नुकसान किती, यावर बऱ्याच गैरसमजुती आहेत. उभ्या फ्रेममध्ये डोळे वरच्या तिसऱ्या भागात आणायला कॅमेरा सातेक अंशच वळतो, १.५ मीटरवर त्याने एक सेंटिमीटरचा फरक पडतो. सोडून द्या. पण आडव्या फ्रेममध्ये माणसाला अगदी कडेला नेलंत, म्हणजे जवळजवळ २० अंश वळलात, तर फोकसची पातळी चेहऱ्याच्या ९ सेंटिमीटर मागे जाते. एफ/१.८ वर चेहरा गेला. अशा फ्रेमला व्ह्यूफाइंडरच्या स्क्रीनवरचा, फोकस लावायचा मधला गोल विसरा आणि आजूबाजूच्या मॅट भागावर जिथे चेहरा आहे तिथेच फोकस लावा. स्क्रीनचा तो भाग शोभेसाठी दिलेला नाही.

डोळा, म्हणजे खरा संशयित

चाळिशी ओलांडलेल्यांच्या सॉफ्ट फोटोंमध्ये कॅमेऱ्यापेक्षा चष्माच जास्त वेळा सापडतो, असं माझं मत आहे. हे ऐकायला कोणाला आवडत नाही. कॅमेरा ‘आउट’ आहे असं म्हणणं सोपं जातं.

बहुतेक जुन्या एसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये उणे १ डायॉप्टरच्या आसपासची रचना असते, म्हणजे स्क्रीन डोळ्याला सुमारे एक मीटरवर असल्यासारखी दिसते. तिच्यावर डोळ्याचा स्वतःचा फोकस बसला नाही, तर लेन्सचा फोकस बसला की नाही हे तो सांगणार कसा? तरुण डोळा आपोआप जुळवून घेतो. पन्नाशीनंतर तो थकतो, आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात लवकर थकतो. पुन्हा तीच ‘दिवसा बरोबर, रात्री चूक’ तक्रार.

तपासायला अर्धा मिनिट लागतं. लेन्सचा फोकस मुद्दाम पूर्ण बिघडवा, कॅमेरा उजळ भिंतीकडे धरा आणि स्क्रीनच्या मधल्या गोलाची कड बघा. के-१००० असेल तर उजवीकडची मीटरची सुईही बघा. कड आणि सुई कोरल्यासारख्या दिसायला हव्यात, आणि तशा दिसण्यासाठी डोळा ताणावा लागता कामा नये. डोळे मिचकावल्यावर क्षणभर शार्प आणि मग धूसर होत असेल, तर रोग सापडला.

उपाय करताना एक घोळ होतो. वाचायचा चष्मा लावून बघितलं की आणखीच धूसर दिसतं, कारण तो हातभर अंतरावरच्या पुस्तकासाठी असतो, एक मीटरसाठी नाही. संगणकासाठी केलेला चष्मा बहुधा त्यातल्या त्यात योग्य ठरतो. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात मान किती वाकली यावर नंबर बदलतो, त्यामुळे एकाच समारंभात चूक कधी पुढे तर कधी मागे येते, आणि माणूस चक्रावतो. बायफोकलची रेघ तर थेट आयपीसच्या (डोळा लावायच्या काचेच्या) मधोमध येते. निकॉनच्या एफएम आणि एफई मालिकेत आयपीसवर फिरवून बसणारी नंबरची काच मिळते. पेंटॅक्ससाठी सरकवून बसवायची मिळते. ती घ्या, पण एक लक्षात ठेवा, सिलिंडरचा नंबर असेल तर अशा साध्या काचेने तो भरून निघत नाही. चष्मा घालूनच बघायला शिकावं लागतं, आणि चष्म्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून आयपीसला रबराची कडी हवी.

आता स्क्रीनविषयी. के-१००० च्या स्क्रीनवर मध्ये मायक्रोप्रिझमचा गोल असतो: फोकस नसताना चित्र चमचमतं, तुटक दिसतं, आणि फोकस लागला की चमचम थांबते. एफएम२ मध्ये स्प्लिट इमेज आणि तिच्याभोवती मायक्रोप्रिझमची कडी. स्प्लिटमध्ये चित्राचे दोन अर्धे एकमेकांपासून सरकलेले दिसतात, फोकस लागला की जुळतात. स्प्लिटची रेघ आडवी असते, त्यामुळे तिला उभी कड लागते: चष्म्याची काडी, खिडकीची चौकट, पदराचा काठ. गालावर स्प्लिट लावून काही कळत नाही. डोळा आयपीसच्या मध्यावर नसेल किंवा लेन्स एफ/४.५-५.६ ची असेल तर स्प्लिटचा अर्धा भाग काळा पडतो. तो बिघाड नाही, मॅटवर फोकस लावा. आणि एफ/१.४ ची लेन्स असेल तर आणखी एक कळीची गोष्ट: उजळ दिसण्यासाठी बनवलेल्या नंतरच्या काळातल्या स्क्रीन एफ/१.४ ची खरी उथळ खोली मॅटवर दाखवतच नाहीत. डोळ्याला पट्टा मोठा दिसतो, फिल्मवर तो लहान असतो. तिथे मॅटपेक्षा स्प्लिटवर भरवसा ठेवा.

रिंग फिरवताना ‘लागला’ असं वाटलं की थांबू नका. पलीकडे जा, पुन्हा धूसर होऊ द्या, परत या. दोन्ही बाजूंची धूसर टोकं एकदा दिसली की मधली जागा हाताला कळते. जुन्या लेन्सची ती जाडसर, ग्रीसमधून फिरणारी रिंग यासाठीच आहे, आणि खरं सांगायचं तर हे कॅमेरे वापरण्याचं निम्मं सुख त्या रिंगमध्येच आहे.

लेन्स की बॉडी? इथे बहुतेक जण चुकतात

डिजिटल कॅमेऱ्यावरून आलेली मंडळी पटकन म्हणतात, ‘लेन्स बॅक-फोकस होतेय.’ ऑटोफोकस एसएलआरमध्ये तसं होऊ शकतं, तिथे फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो. मॅन्युअल एसएलआरमध्ये ज्या लेन्समधून फिल्मवर चित्र पडतं, त्याच लेन्समधून आरशावरून स्क्रीनवर पडतं. लेन्स कशीही जुळवलेली असली, तरी स्क्रीनवर शार्प आहे ते फिल्मवरही शार्प असायलाच हवं, जर आरसा आणि स्क्रीन जागेवर असतील तर. लेन्सचा अनंत बिघडला तर तो दोन्हीकडे सारखाच बिघडतो: लांबचा डोंगर व्ह्यूफाइंडरमध्येही शार्प होत नाही आणि फिल्मवरही नाही. रिंगवरचे आकडे बघून फोकस लावणाऱ्याला, किंवा न बघता अनंतावर ठेवून देणाऱ्याला त्याचा फटका बसतो. डोळ्याने फोकस लावणाऱ्याला मधल्या अंतरांवर बसत नाही.

व्ह्यूफाइंडर एक सांगतो आणि फिल्म दुसरं, असं असेल तर दोष बॉडीत आहे. लेन्स बदलून काही होणार नाही. याला अपवाद एकच, तोही मोठ्या अ‍ॅपर्चरच्या काही लेन्सचा: पूर्ण उघडी असताना लावलेला फोकस अ‍ॅपर्चर दोन-तीन स्टॉप (पायऱ्या) बंद केल्यावर थोडा मागे सरकतो. एफ/१.२ च्या लेन्समध्ये हे जाणवतं. एफ/१.८ आणि एफ/२ वाल्यांनी त्याची चिंता करू नये.

बॉडीत किती चूक चालते? ५० मिमी लेन्सने १.५ मीटरवर फोकस लावला आणि स्क्रीन जागेपासून फक्त ०.१ मिलिमीटर सरकलेली असेल, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाच्या जाडीइतकी, तर फोकस आठेक सेंटिमीटरने चुकतो. एफ/१.८ चा पट्टा पाच पुढे आणि पाच मागे. झालं, डोळ्याऐवजी कान. एफ/८ वर मात्र फिल्मपाशी जवळपास पाव मिलिमीटरची चूक खपून जाते. दिवसा सगळं छान येतं ते यामुळेच.

रोल न जाळता तपासणी

ही परीक्षा घरी होते आणि तिला फिल्म लागत नाही. कॅमेरा रिकामा करा, मागचं दार उघडा. फिल्मच्या खिडकीच्या वर-खाली रुळांच्या दोन जोड्या दिसतील. आतली जोडी फिल्मसाठी, बाहेरची, जरा उंच, दाबपट्टीसाठी. आपल्याला आतली हवी. शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं त्या खुणेवर) ठेवून, कुलूप असलेल्या केबल रिलीजने, म्हणजे बटण दाबायच्या तारेने, उघडं ठेवा. मॅट चिकटपट्टी, जिच्यावर पेनाने लिहिता येतं ती, आतल्या वरच्या रुळावरून खालच्या रुळावर ताणून चिकटवा. सैल राहता कामा नये, टिचकीला ढोलकीसारखी ताठ हवी. बोट आत जाऊ देऊ नका, शटरचा पडदा जवळच आहे.

चिकटपट्टीची स्वतःचीही थोडी जाडी असते, त्यामुळे तिने ढोबळ चूक कळते. बारीक चुकीसाठी दुधी काच लागते. काचवाल्याकडून ३३ मिमी रुंद आणि ५० मिमी लांब तुकडा कापून घ्या, म्हणजे तो बाहेरच्या रुळांमध्ये मावतो. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून दुसऱ्या काचेने गोल-गोल घासा. बाजारातल्या बाथरूमच्या दुधी काचेपेक्षा कितीतरी बारीक पृष्ठभाग मिळतो. कडा पॉलिश पेपरने मारून घ्या, पेस्ट धुऊन काच पूर्ण कोरडी करा, आणि घासलेली बाजू लेन्सकडे करून रुळांवर टेकवा.

कॅमेरा ट्रायपॉडवर. समोर एक मीटरवर टेबलावर पाच-सहा पेन्सिल सेल तिरक्या रांगेत उभे करा, प्रत्येक मागचा सेल दोन सेंटिमीटर मागे आणि थोडा बाजूला. सेलवर बारीक छापील अक्षरं असतात, शार्पनेस बघायला तीच लागतात. टेबललॅम्प लावा. शटर बंद असताना व्ह्यूफाइंडरमधून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, मधल्या सेलच्या अक्षरांवर फोकस लावा. मग शटर उघडा, डोक्यावरून गडद टॉवेल घ्या आणि काचेवरचं चित्र भिंगाने बघा. चित्र उलटं असेल. कुठल्या सेलवरची अक्षरं वाचता येतात?

फोकस बिघडवून हे पुन्हा-पुन्हा करा, एकदा रिंग जवळून लांब आणत, एकदा लांबून जवळ. दरवेळी वेगळा सेल शार्प येत असेल तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका, वरचा डोळ्याचा भाग पुन्हा वाचा. दरवेळी एकच सेल येतो पण तो मधला नाही, तर बॉडी दुरुस्त करायला हवी. दरवेळी मधलाच येत असेल, तर कॅमेरा ठीक आहे आणि राहिली फक्त फिल्म सपाट न बसण्याची शंका. त्यासाठी आतल्या रुळांवर नख हलकेच फिरवा. तुटलेल्या फिल्मचा बारीक तुकडा रुळाला चिकटून राहतो, आणि फिल्मची जाडीच ०.१३ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे तेवढ्याने पुढची प्रत्येक फ्रेम मागे ढकलली जाते. दाबपट्टी स्प्रिंगवर चारही कोपऱ्यांत सारखी दबते का, तेही बघा.

बॉडीत नेमकं काय बिघडतं

एफएम२ सारख्या कॅमेऱ्यात, जिथे स्क्रीन माउंटमधून काढता येते, तिथे पहिला संशय स्क्रीनवर. आधीच्या मालकाने ती बदलताना पालथी बसवलेली असते, नाहीतर तिच्या चौकटीची खिट्टी पूर्ण बसलेली नसते आणि एक बाजू केसभर लोंबत असते. लोंबत असेल तर स्क्रीनच्या वरच्या भागावर लावलेला फोकस आणि खालच्या भागावर लावलेला फोकस एकमेकांशी जुळत नाहीत. खिट्टी चिमट्याने बसवता येते. स्क्रीनला बोट लागलं तर मात्र डाग कायमचा.

के-१००० ची स्क्रीन अशी समोरून निघत नाही. हा कॅमेरा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या हातातून फिरलेले नग भरपूर. व्ह्यूफाइंडरमध्ये धूळ दिसते म्हणून कोणीतरी वरचं झाकण उघडून प्रिझम काढलेलं असतं, आणि परत बसवताना स्क्रीनची पातळी बिघडते. ती धूळ फोटोत कधीच येत नाही. तिच्यासाठी कॅमेरा उघडणं म्हणजे विकतचं दुखणं.

मग आरसा. आरशाची खालची विश्रांतीची जागा एका बारीक खुंटीने ठरते. आरसा वर आपटतो तिथे फोमची पट्टी असते, आणि आपल्याकडच्या दमट उष्म्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, हा फोम काही वर्षांनी डांबरासारखा चिकट होतो. त्याचा कण खुंटीवर येऊन बसला की आरसा पूर्ण खाली टेकत नाही, आणि स्क्रीनवरचा फोकस व फ्रेम दोन्ही सरकतात. टॉर्च लावून बघा. कण दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओल्या केलेल्या लाकडी काडीने टिपून घ्या. आरशाचा लेप पुढच्या बाजूलाच असतो, त्यावर कापड फिरवलं की तो गेला. आणि फोम नवीन लावताना जाड लावू नका: आरसा पूर्ण वर जात नाही आणि फोटोच्या खालच्या कडेला काळा पट्टा येतो. खालच्या कडेला, कारण फिल्मवर चित्र उलटं पडतं.

आरशाचा कोन किंवा स्क्रीनची उंची स्क्रूने जुळवायचं काम मात्र कारागिराचं. त्याला ते मोजायला साधनं लागतात, आणि घरी अंदाजाने अर्धा आटा फिरवणाऱ्याची गाडी परत रुळावर येत नाही.

पावसाळ्यानंतर बिघडलेली लेन्स

बुरशी काढून आणलेल्या लेन्सविषयी खूप विचारणा होते. ‘साफ करून आणली, काच आरशासारखी झाली, पण लांबचं आता शार्प होत नाही.’ लेन्सची फोकस यंत्रणा म्हणजे एकात एक फिरणारे पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचे आटे, आणि ते अनेक ठिकाणांहून सुरू होतात. उघडताना ते कुठे सुटले याची खूण केली नाही, तर परत लावताना भलत्याच ठिकाणाहून सुरू होतात. रिंग गुळगुळीत फिरते, पण अनंताची जागा चुकते. दुरुस्ती सोपी आहे, ज्याने उघडली त्याच्याकडेच परत न्या आणि अनंत जुळवून मागा. माउंटखालची पातळ चकती हरवली असली तरी अनंताची जागा चुकते. मध्य सॉफ्ट, सगळ्या चित्रावर तेजाळ थर, आणि कितीही बंद केली तरी कोपरे येत नाहीत, असं असेल तर एखादी काच पालथी बसली आहे. टेलिफोटोची रिंग अनंताच्या थोडी पुढे जात असेल तर तो दोष नाही, काहींत ती जागा मुद्दाम ठेवलेली असते.

अ‍ॅपर्चरची पातीही एकदा बघा. लेन्स हातात घेऊन मागची कळ खटकन सोडा, पाती झटकन बंद व्हायला हवीत. तेल उतरलेलं असेल तर ती रेंगाळतात, एफ/८ लावलेलं असूनही शटर उघडतं तेव्हा भोक एफ/४ इतकं असतं. निगेटिव्ह गडद येते, शार्प पट्टा तुम्ही धरलेल्यापेक्षा बारीक येतो, आणि दोष फोकसवर जातो. निकॉनच्या ५५ मिमी एफ/२.८ मायक्रो लेन्सची यासाठी ख्याती आहे. घ्यायच्या आधी पाती बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

के-१००० वर जुन्या एम४२ (४२ मिमी व्यासाच्या) आट्यांच्या लेन्स लावणाऱ्यांसाठी वेगळी ओळ. एम४२ आणि पेंटॅक्स के, दोन्हींत माउंट ते फिल्म अंतर ४५.४६ मिमी, म्हणजे अडॅप्टरला जाडी असून चालत नाही. तो पूर्ण माउंटच्या आत बसणारा हवा. बाहेर पातळ ओठ असलेले स्वस्त अडॅप्टर लेन्सला पुढे ढकलतात, आणि झेनिट या रशियन कॅमेऱ्यावरची हेलिओस लेन्स पोर्ट्रेटला अप्रतिम चालते पण सिंहगड शार्प करत नाही. निकॉनचं अंतर ४६.५ मिमी असल्याने तिथे काचेशिवायच्या कुठल्याच अडॅप्टरने एम४२ ला अनंत मिळत नाही, ते नाद सोडलेले बरे.

कारागिराकडे जाताना

मुंबईत बोरा बाजारात किंवा तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या हाताकडे कॅमेरा देताना ‘फोटो सॉफ्ट येतो’ एवढंच सांगू नका. तो पुसून, तेल घालून, फोम बदलून परत देईल, आणि तक्रार जिथल्या तिथे. चिठ्ठीवर लिहून द्या: कुठली लेन्स, एक मीटरवर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला व्ह्यूफाइंडर आणि फिल्मची पातळी यांत किती सेंटिमीटरचा फरक, पुढे की मागे, आणि दुसऱ्या लेन्सनेही तेवढाच येतो का. सोबत तीच लेन्स द्या. दुधी काचही द्या, काही जणांकडे नसते. आणि कॅमेरा घ्यायला जाल तेव्हा खिशात पाच-सहा पेन्सिल सेल असू द्या. त्यांच्या काउंटरवरच मांडून, मागचं दार उघडून एकदा बघून घ्या. थोडे वैतागतील, पण तिथल्या तिथे स्क्रू फिरवून देतील.